लेझीमवालीचा पेला

‘वहिनी, “पुष्प” झालंय, “लता” राहिलीय. घालू का थांबू?’

इस्माईलभाईनं मान वर करून मला विचारलं. मी फाटकात उभी होते. पर्स हातातून खाली पडलेली, आणि तोंडातून नुकतीच अशी किंकाळी निघालेली, की समोरच्या घरातली दोन माणसं खिडकीत येऊन उभी राहिली होती. इस्माईलभाईच्या डाव्या हातात जर्मन सिल्व्हरचा एक पेला होता. उजव्या हातात त्याचं ते घुर्रर्र करणारं, भांड्यांवर नावं घालायचं मशीन. आणि शेजारी पाटावर मांडी ठोकून, अडकित्त्यानं सुपारी कातरत आमच्या आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

‘आत्या! अहो, हे काय केलंत?’

‘काय केलं? नाव घालून घेतीय. एवढं वरडायला काय झालं?’

‘तो पेला माझा नाहीये!’

‘तुझ्या कपाटात हुता.’

‘कपाटात होता म्हणून माझा होतो का?’

‘मग तुझ्या कपाटात काय शेजारणीचं असतंय?’

इस्माईलभाई बिचारा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. ‘वहिनी, तेवढं सांगा लवकर. हितंच सोडलं तर धड पुष्पा बी न्हाई आन् पुष्पलता बी न्हाई.’

‘पुरं कर रे,’ आत्या म्हणाल्या. ‘अर्धं नाव बरं दिसत न्हाई.’

आणि मी तोंड उघडायच्या आत मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं. मी तिथंच पायरीवर बसले.

ही सत्त्याण्णव सालची, कराडातली गोष्ट. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला होते, शनिवारी दुपारी सुटायचे, आणि माझा एक छंद होता. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मी जमवायचे फुकट मिळालेलं सामान. पन्नास-साठ सालच्या सुमाराला खाण्यापिण्याचे पदार्थ विकणाऱ्या कंपन्या डब्याबरोबर काही ना काही द्यायच्या. चहाबरोबर चमचा, वनस्पती तुपाबरोबर झारा, कस्टर्डच्या पावडरीबरोबर माशाच्या आकाराचा साचा, बिस्किटांच्या डब्यात पत्र्याची शिट्टी. बायकांनी ते हौसेनं मिळवलं, वापरलं, झिजवलं आणि पुढे मोडीत घातलं. मी ते मोडीतून उपसून आणायचे, चिंचेनं घासायचे आणि काचेच्या कपाटात मांडायचे. ‘लोकांच्या बायका सोनं मागतात. माझी बायको भंगारवाल्याला चहा पाजते,’ असं आमचे हे चारचौघांत सांगायचे. म्हणोत बापडे. मला त्या वस्तू बघून आनंद व्हायचा, आणि आनंदाला कारण लागत नाही.

तर बलराज नावाची एक पूड होती, दुधात घालून प्यायची. तिच्या डब्यांची झाकणं साठवून नेऊन दिली की एक पेला मिळायचा. पेल्यावर उठावाचं चित्र. एकावर पैलवान, एकावर मल्लखांबवाला, मग विटीदांडू, कबड्डी, पोहणारा पोरगा, आणि शेवटचा लेझीम खेळणाऱ्या मुलीचा. पहिले पाच माझ्याकडे होते. लेझीमवाली मात्र कुठंच सापडत नव्हती, कारण ती निघाली आणि थोड्याच दिवसांत कंपनी बंद पडली. एकच जागा मला ठाऊक होती, जिथं ती होती. कोल्हापूरला, हुपरीकर काकांच्या लोखंडी कपाटात.

हुपरीकर काका म्हणजे नारायणराव हुपरीकर. तरुणपणी ते बलराजचेच प्रचारक होते. गाडीवर कर्णा लावून बाजाराच्या गावी जायचं, पातेल्यात पूड ढवळून लोकांना पाजायची, झाकणं मोजून घ्यायची आणि पेले द्यायचे, हे त्यांचं काम. कारखान्यातून निघालेली प्रत्येक वस्तू त्यांनी एकेक करून जपून ठेवली होती. बाकीच्या कंपन्यांच्या प्रचारकांशी अदलाबदल करून त्यांच्याही वस्तू मिळवल्या होत्या. कपाट उघडायच्या आधी ते साबणानं हात धुवायचे. सगळं मलमलीत गुंडाळलेलं. एक ओरखडा नाही, एक पोचा नाही, आणि कुठल्याच भांड्यावर कुणाचं नाव नाही. ‘कोरं पाहिजे, पुष्पा, कोरं,’ ते मला सांगायचे. ‘नाव पडलं की ती वस्तू राहत नाही, भांडं होतं.’ माझ्या पाचही पेल्यांवर कुणाकुणाची नावं होती, म्हणून त्यांच्यापुढे मला नेहमी थोडं खाली मान घालून बसायला लागायचं.

काकांचं वय झालं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बेंगलोरला, आणि त्याला या कपाटात काडीचा रस नव्हता. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी सारखा फोन करत होता, सगळं एकदम उचलतो म्हणून. काकांना ते मनापासून पटत नव्हतं. शेवटी शुक्रवारी मी गेले, तेव्हा त्यांनी लेझीमवाली काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

‘रविवारी तुझं वाचनालयात प्रदर्शन आहे ना? ही ने. सहाही पेले एकत्र लागू देत. सोमवारी परत आण. जशी नेलीस तशी आणलीस, तर हे कपाट तुझं. गुरुवारी तो मुंबईवाला येतोय, त्याला मी दारातूनच परत पाठवीन.’

‘काका, सगळं कपाट?’

‘सगळं. पैशाबिशांचं नाव काढू नको. मला फक्त बघायचंय, तुझ्या हातात वस्तू जशीच्या तशी राहते का.’

ती वस्तू आता इस्माईलभाईच्या हातात होती, आणि तो ‘ता’चा काना ओढत होता.

काना ओढून झाल्यावर त्यानं फुंकर मारली, पेला धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. ‘बघा वहिनी. काकींनी सांगितलं तसं पोरीच्या बरोबर पायाखाली घातलंय. चित्राला धक्का न्हाई.’

अक्षर सुरेख होतं. मला ते रागातही दिसलं, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

‘हे घासून जाईल का?’

‘जाईल की. पर घासाय लागलो तर पोरगी बी जाईल.’

आत्यांनी त्याला सुपारी दिली, पाठवला आणि माझ्याकडे वळल्या. ‘आता सांग. कुणाचा हाय?’

मी सांगितलं. रडत, ओरडत, मधे मधे नाक पुसत, पण सगळं सांगितलं. बिननावाचं भांडं आत्यांना बघवत नसे, हे मला काय माहीत नव्हतं? आमच्या घरात तव्यापासून दुधाच्या झाकणीपर्यंत सगळ्यांवर ‘लोकरे’ होतं. कुकरची शिट्टी तेवढी वाचली, कारण तिच्यावर जागा नव्हती. नवं भांडं घरात आलं की इस्माईलभाईची हाळी ऐकू यायची वाट बघत ते ओसरीवर ठेवलं जायचं. लग्नकार्यात गल्लीभरची भांडी एकत्र होतात आणि नाव वाचूनच ज्याच्या त्याच्या घरी परत जातात, त्यामुळे यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माझ्या कपाटाला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. आजच कुठली अवदसा आठवली?

‘म्हातारा लई रागवंल?’ त्यांनी विचारलं.

‘रागावणार नाहीत, आत्या. तोंडच बघणार नाहीत माझं.’

‘मग म्या येते कोल्हापूरला. केलं म्या, सांगणार म्या.’

‘तुम्ही नका येऊ. आणखी घोळ होईल.’

‘आता आणखी कसला घोळ व्हायचा ऱ्हायलाय?’ त्या म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला आत गेल्या. मी जेवले नाही. आमच्या ह्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि नेहमीप्रमाणे कुणाचीच घेतली नाही.

रविवारी प्रदर्शन पार पडलं. मी मनातून मेलेली, पण गर्दी मात्र झाली. पुरुष आले, हात मागे बांधून फिरले आणि गेले. बायका मात्र हलेनात. टेबलाला खेटून उभ्या राहिल्या आणि माझ्या झिजलेल्या पेल्यांवरची नावं मोठ्यानं वाचायला लागल्या.

‘अगं, सौ. इंदुमती माने, रेठरे! ही आपल्या कुसुमची चुलती तर नव्हं?’

‘कुसुमची चुलती सुपन्याची. ही दुसरी असंल.’

‘ह्यो बघ, चि. बाबूच्या बारशाला मामाकडून. आता आजोबा झाला असंल बाबू!’

चित्रांकडे कुणी बघत नव्हतं. पैलवान बिचारा दंड थोपटून दमला. लेझीमवालीजवळ येऊन मात्र जी ती विचारायची, ‘ही पुष्पलता कोण?’ आणि मी दुसरीकडे बघायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आत्या मात्र मान ताठ करून सांगायच्या, ‘ती काय, तिथं हुबी हाय. माझी सून.’

सोमवारी सकाळी आम्ही दोघी कोल्हापूरच्या एसटीत बसलो. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर शेंगांच्या पोळ्यांचा डबा घेतला होता. डब्यावर अर्थातच ‘लोकरे’. मी खिडकीशी, तोंड बाहेर करून.

‘अजून रागच धरलाईस?’

मी पदर कानावरून ओढून घेतला.

‘तुझा नवरा म्हणत हुता, पेला हरवला म्हणून सांगा. ते करू नगंस. हरवला म्हटलं की त्यो म्हातारा मरंपातुर वाट बघत बसंल. हाय तसा समोर ठेव. शिव्या घातल्या तर खायच्या.’

‘मला शिव्यांची भीती नाही वाटत, आत्या. त्यांचं कपाट जाणार. त्या व्यापाऱ्यानं नेलं, की चमचा एकीकडे, साचा एकीकडे. पुन्हा कधी एकत्र दिसायचं नाही. आणि मला ते मिळणार होतं.’

‘म्हंजी तुला पायजे हुतं.’

‘हो! पाहिजे होतं! खूप पाहिजे होतं!’ मी इतक्या जोरात बोलले की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

आत्यांनी डबा उघडला, एक पोळी काढून माझ्या हातात दिली आणि दुसरी त्या माणसाला. मग पेठनाका येईपर्यंत तिघंही पोळी चावत होतो.

काका पहिल्या मजल्यावर राहायचे. खाली भांड्यांच्या दुकानांची रांग, दिवसभर ठोकाठोकी. आम्ही वर गेलो तेव्हा ते वाटच बघत होते. पांढरा स्वच्छ सदरा, टेबलावर पसरलेली मलमल. मी आत्यांची ओळख करून दिली. त्यांनी नमस्कार केला, आत जाऊन हात धुऊन आले आणि पुढे केले. मी त्या हातांत फडक्यात गुंडाळलेला पेला ठेवला.

त्यांनी फडकं सोडलं. आधी चित्र बघितलं, तोंडभर हसले. मग पेला थोडा कलता केला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

‘हे काय?’

‘नाव,’ आत्या म्हणाल्या.

‘नाव आहे ते दिसतंय मला! कुणी घातलं?’

‘म्या. म्हंजी घातलं इस्माईलनं, घालाय म्या लावलं. हिचा काय बी दोष न्हाई. ही घरात न्हवती, आन् आली ती अशी वरडली की गल्ली गोळा झाली.’

काकांनी पेला मलमलीवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खालची ठोकाठोकी तेवढी ऐकू येत होती.

‘काका, मला माफ करा,’ मी म्हणाले.

‘पुष्पा, तू चांगली मुलगी आहेस. पण वस्तू सांभाळणं तुला जमणार नाही. तुझ्या घरात ती सांभाळली जाणार नाही. गुरुवारी तो येईल, त्याला देऊन टाकतो सगळं. तो पेला घेऊन जा. नाव घातलेला पेला माझ्या कपाटात बसत नाही.’

मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, काकांना दुखावलं म्हणून थोडं आणि कपाट गेलं म्हणून जास्त. मी पेला उचलला, पिशवीत टाकला आणि आत्यांना खूण केली, चला. आत्या हलल्या नाहीत. उलट खुर्चीत जरा नीट सरकून बसल्या.

‘एक इचारू का, भाऊ?’

‘विचारा.’

‘ह्ये कपाट तुमचं?’

‘माझंच. आणखी कुणाचं असणार?’

‘कशावरनं?’

काका वळले. ‘म्हणजे?’

‘न्हाई, तुमचं नाव कुठं दिसंना, म्हणून इचारलं. उद्या त्यो मुंबईचा न्हेईल, दुकानात मांडंल. घेणारा इचारंल, कुणाचं हुतं? त्यो काय सांगंल? कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्याचं हुतं, एवढंच. आमच्या हिकडं काल बायका आल्या हुत्या बघाय. हिच्या जुन्या पेल्यांवरची नावं वाचून कोण कुठली, कुणाची कोण, दोन तास बोलत हुत्या. त्या बायका कवाच्या मेल्या असतील. पर काल तिथं हुत्या बघा.’

‘नाव घातलं की वस्तू खराब होते, बाई.’

‘वापरली की समदीच खराब हुत्यात. आपुन न्हाई का झालो?’

मी डोळे मिटले. आता हा म्हातारा आम्हाला जिन्यावरून ढकलणार, अशी माझी खात्री होती. पण काका माझ्या पिशवीकडे बोट दाखवत होते.

‘काढ तो पेला. बघू दे.’ त्यांनी तो पुन्हा हातात घेतला, चष्मा वर केला. ‘आणि हे असं कसं घातलंय? नुसतं “पुष्पलता”? नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. मी हजारो घरांतली भांडी बघितली. नाव घालायची ही कुठली पद्धत?’

‘पद्धत न्हाईच. मुद्दाम घातलं,’ आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा खाली आला. ‘आमच्या घरात समदी भांडी लोकऱ्यांची. आधी मालकांच्या नावाची, मग पोराच्या. माझ्या माहेरनं आलेल्या हंड्यावर माझ्या बापाचं नाव हाय. बाईच्या नावाचं एक भांडं न्हाई घरात. ही पोर पगार आणून देती, घरातलं समदं करती, आन् मोडीतनं लोकांच्या बायकांची नावं उचलून आणती. घासून पुसून कपाटात ठेवती. शनिवारी म्या त्या कपाटापुढं हुबी ऱ्हायले. म्हटलं, हिच्या नावाचं कुठंय? एक पेला कोरा दिसला. तिला आवडणारा असंल म्हणूनच मधोमध ठेवला हुता. म्हटलं, ह्याच्यावर घालू या. तिचं एकटीचं. म्हणून इस्माईलला सांगितलं, लोकरे घालू नगंस.’

खाली कुणीतरी घमेलं आपटलं. मी आत्यांकडे बघत राहिले. तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पेल्यावर काय लिहिलंय हे मी शंभर वेळा बघितलं होतं, पण त्यात काय लिहिलेलं नाही, ते एकदाही बघितलं नव्हतं. मला एकदम त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी नुसता त्यांचा पदर नीट केला.

काका खुर्चीत बसले. बराच वेळ पेला हातात फिरवत होते.

‘मी गाडीवर उभा राहून पेले वाटायचो ना,’ ते म्हणाले, ‘बाया पेला घ्यायच्या आणि तिथंच म्हणायच्या, चला, आता नाव घालून घेते. माझं डोकं फिरायचं. म्हणायचो, काय अडाणी बाया आहेत, चांगली वस्तू बिघडवतात. आणि तुम्हाला सांगतो, त्यातल्या एकीला मी कधी विचारलं नाही, बाई, तुमचं नाव काय? झाकणं मोजून घेतली फक्त.’

ते उठले, खिडकीतून वाकले आणि खाली ओरडले, ‘अरे शिवराम! तुझा नाव घालणारा बसलाय का? पाठव त्याला वर. मशीन घेऊन ये म्हणावं.’

मी ताडकन उभी राहिले. ‘काका, काय करताय? नका! सगळं कोरं आहे! एवढी वर्षं सांभाळलंत. नाव घातलं की किंमत जाईल!’

‘तू विकणार आहेस?’

‘मी कशाला विकू?’

‘मग किंमत कशाला पाहिजे?’ त्यांनी कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ‘कपाट तुझं. पण प्रत्येक वस्तूवर माझं नाव घालून. चालत असेल तर बोल, नाही तर गुरुवार आहेच.’

तुम्ही कधी काही जमवलं नसेल, तर तुम्हाला कळायचं नाही मला तेव्हा काय झालं ते. एकही ओरखडा नसलेले ते चमचे, ते साचे, ते आरशासारखे झारे माझ्या डोळ्यांपुढून गेले आणि त्यांच्यावर ती सुई घुरघुरायला लागली. अख्ख्या देशात असं दुसरं कपाट नसेल. मी आत्यांकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या, जणू त्यांचा यात काही संबंधच नाही.

‘चालेल,’ मी म्हणाले.

नाव घालणारा वर आला. विशीतला, दाढी वाढवलेला, घाईत असलेला. काकांनी त्याच्यापुढे पहिली पुडी सोडली. चहाचा चमचा निघाला.

‘नाव सांगा.’

काका ताठ बसले. घसा साफ केला. ‘लिही. श्रीयुत नारायण दत्तात्रय हुपरीकर, बलराज कंपनीचे माजी मुख्य प्रचारक, कोल्हापूर.’

त्यानं चमचा उलटासुलटा करून बघितला. ‘आजोबा, ह्या दांड्यावर चार अक्षरं बसली तर नशीब.’

‘मग ना. द. हु. घाल.’

‘ते कुणाला कळायचंय?’ आत्या म्हणाल्या. ‘खोकल्याच्या औषिदाचं नाव वाटंल. तुमची आई काय म्हणत हुती तुम्हाला?’

काका एकदम लाजले. सत्तरी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. ‘नाना,’ ते म्हणाले.

‘मग नानाच घाल रे.’

मशीन सुरू झालं. पहिला ‘ना’ उमटला तेव्हा मी तोंड फिरवलं. दुसरा उमटला तेव्हा फिरवलं नाही. काकांनी चमचा हातात घेतला, अंगठ्यानं अक्षरांवरून फिरवून बघितलं, आणि मग जे हसले ते थांबेचनात. त्या हसण्याला मीही हसले. शेंगांच्या पोळ्यांचा डबा उघडला गेला. नाव घालणाऱ्याची घाई कुठल्या कुठे गेली. तो दोन पोळ्या खाऊन म्हणाला, रोज दुपारी येतो, थोडे थोडे करू.

निघायच्या वेळी काका म्हणाले, ‘बाई, तुम्हीही एक घ्या यातलं. तुमच्या नावानं. आत्ताच घालून देऊ.’

‘मला ओ कशाला?’ आत्या म्हणाल्या. पण हात आधीच कपाटात गेला होता. तुपाच्या एका जुन्या कंपनीची छोटीशी पळी त्यांनी काढली आणि जरा वेळ नुसती हातात धरून बसल्या.

मीच पुढे झाले. ती पळी घेऊन नाव घालणाऱ्याला दिली आणि सांगितलं, ‘पार्वती लिही. नुसतं पार्वती. आडनाव घालू नको.’

‘थांब,’ आत्या म्हणाल्या. ‘पार्वती नगं. द्वारका घाल.’

‘द्वारका कोण?’ मी विचारलं.

‘मीच की गं. लगीन झालं तवा तांदळात बोटानं पार्वती लिवलं, आन् तवापासनं द्वारका म्हणून कुणी हाकच मारली न्हाई. आई हुती तवर ती मारायची.’

एका घरात, एका चुलीपुढे इतकी वर्षं राहून मला माझ्या सासूचं नाव त्या दिवशी कळलं.

नाव घालणाऱ्यानं पळी फडक्यावर टेकवली आणि विचारलं, ‘द्वारका. आन् पुढं?’

‘पुढं काय बी नगं,’ आत्या म्हणाल्या आणि अक्षर उमटताना नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढून बसल्या.